बाजाराच्या दिवशी

"बाईमाणसाला मी दावणार न्हाई," बळवंत म्हणाला आणि कमरेवरची चादर त्यानं दोन्ही मुठींत आवळून धरली.

स्ट्रेचरवर तो मावत नव्हता. टाचा बाहेर लोंबत होत्या, मानेला आणि कानांमागं आखाड्याची लाल माती तशीच होती. अधूनमधून तो कुशीवर वळून हिरवट पाण्याची उलटी करायचा, सिस्टर भांडं पुढं धरायच्या, आणि तोंड पुसायच्या आधी त्याचे हात पुन्हा चादरीकडं जायचे.

"पैलवान, मी डॉक्टर मगदूम, इथली सर्जन आहे," मी म्हटलं.

"आसाल. किणीकर डॉक्टरांना बोलवा."

किणीकर डॉक्टर मुलीच्या साखरपुड्यासाठी पुण्याला गेले होते. वारणेकाठच्या त्या तालुक्याच्या गावी आमचं ट्रस्टचं एकच मोठं रुग्णालय, आणि त्यात आम्ही दोनच सर्जन. ते प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. कुणी कधी बोलून ठरवलं नव्हतं, पण कामाची वाटणी झालेली होती. बायका आणि मुलं माझ्याकडं, पुरुष त्यांच्याकडं. पुरुषांचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, माझ्या टेबलावर येतच नसे. कॉलेजात असताना मी ही ऑपरेशनं पुष्कळ केली होती. इथं आल्यापासून सवय मोडली होती, आणि ते मला त्या दुपारी चांगलंच ठाऊक होतं.

जत्रेचे दिवस होते. नव्वद सालच्या आसपासचा चैत्र. सकाळी मैदानात प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेताना बळवंतला कळ आली आणि तो तिथंच बसला, असं त्याच्या वस्तादांनी सांगितलं. दत्तू वस्ताद म्हणजे पांढऱ्या मिशांचा, तुटक्या कानांचा, मोजकं बोलणारा माणूस.

"जांघेत गाठ कधीपासून आहे?" मी बळवंतला विचारलं.

"कसली गाठ?" वस्ताद म्हणाले.

बळवंत छताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हाय जुनी. दाबली की आत जायाची. लंगोट आवळून बांधला की झालं."

"आणि आज?"

"आज जाईना."

वस्तादांनी आपल्या पठ्ठ्याकडं असं बघितलं, की बळवंतनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी वस्तादांना बाजूला घेऊन सांगितलं. पोटाच्या भिंतीतून आतडं खाली उतरलंय आणि त्याला फास बसलाय. रक्त पोचत नाही. फार वेळ गेला तर आतडं काळं पडेल, सडेल, आणि मग पोटात विष पसरेल. आजच, आत्ताच सोडवलं पाहिजे.

"मग जीप काढतो. कोल्हापूर गाठतो."

"जत्रेच्या दिवशी? रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आहे. पोचायला संध्याकाळ होईल."

"त्याचं मन न्हाई तयार तर काय करायचं मॅडम? उद्या तालमीत पोरं हसतील. लंगोटाचा पक्का गडी हाय त्यो."

तेवढ्यात आबासाहेब आले. ट्रस्टचे अध्यक्ष तेच आणि कुस्त्यांच्या मैदानाचे प्रमुख पाहुणेही तेच, त्यामुळं डोक्यावर सत्काराचा फेटा तसाच होता. त्यांनी बळवंतच्या खांद्यावर हात ठेवला, दोन शब्द बोलले आणि मला व्हरांड्याच्या टोकाशी नेलं.

"मॅडम, तुमच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. पण जोखीम घेऊ नका. किणीकर असते तर गोष्ट वेगळी होती."

"किणीकर सरांनीही हेच ऑपरेशन केलं असतं."

"हा तालुक्याचा पैलवान आहे. काही कमीजास्त झालं तर लोक मला विचारणार, बाईच्या हातात का दिला म्हणून."

"आणि जीपमध्ये कमीजास्त झालं तर?"

आबासाहेबांनी फेटा काढून हातात घेतला. "तर नशीब म्हणतील," ते म्हणाले.

ते वाईट मनानं बोलत नव्हते. जे होतं ते सांगत होते. मला त्याचाच जास्त राग आला, आणि रागापाठोपाठ भीतीही वाटली. कारण मनाचा एक कोपरा म्हणत होता, जाऊ दे त्याला कोल्हापूरला. तुझ्यावर काही येणार नाही. सगळेच तसं म्हणताहेत.

भूल देणारे डॉक्टर इनामदार दाराशी उभे होते. वयानं मोठे, सावध माणूस. मी त्यांना विचारलं, "सर, तुमचं काय मत?"

"मी भूल द्यायला तयार आहे," ते म्हणाले. "बाकीचं तुम्ही ठरवा. आज इथल्या सर्जन तुम्ही आहात."

त्यात ना जोर होता ना नकार. पण ठरवायचं मीच आहे एवढं मला त्यातून नीट ऐकू आलं. मी परत स्ट्रेचरजवळ आले आणि सिस्टरांना म्हटलं, "थिएटर तयार करा. सलाईन चालू करा, नाकातून नळी घाला." मग बळवंतला म्हटलं, "मी तुला कोल्हापूरला पाठवणार नाही. वाटेत तुझं आतडं जाईल. तुझी संमती लागेल. ती देईपर्यंत मी इथंच उभी आहे."

"न्हाई म्हटलं न्हवं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुखण्याचं असेल, लाजेचंही असेल.

भिंतीशी एक बाई उभी होती. सावळी, काटक, नऊवारीचा पदर कपाळापर्यंत. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती आणि तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं. ती पुढं झाली.

"मी आय हाय त्याची," ती मला म्हणाली. मग बळवंतकडं वळली. आवाज मुळीच चढवला नाही तिनं.

"तुझ्या वक्ताला मला बैलगाडीतनं हितंच आणली हुती. ह्याच दवाखान्यात. तू आडला हुतास. ह्या मॅडम न्हवत्या तवा. डॉक्टर बाप्या, त्येचा कंपौंडर बाप्या, दिवा धराया आणिक एक बाप्या. चिमटं लावून वढला तुला. मला कुणी इचारलं न्हाई, बाई तुला चालतंय का. मी लाजून घरला गेली असती तर आज लाजायला तू हितं नसतास."

आबासाहेब हातातल्या फेट्याकडं बघत होते. वस्ताद दुसरीकडं.

"घ्या त्याला आत," आनशाबाई मला म्हणाल्या. त्यांचं नाव मला नंतर कळलं.

बळवंतनं आईकडं बघितलं. मग म्हणाला, "आये, तू भाईर जा." आणि त्याच्या मुठी सुटल्या. मी तपासत होते तोवर त्यानं दंड डोळ्यांवर आडवा टाकला होता.

इनामदारांनी कंबरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला, त्यामुळं बळवंत ऑपरेशनभर जागा होता. मधे हिरवा पडदा. मी काप घेतला, फास सापडला, सोडवला, आणि आतड्याचं वेटोळं हातात आलं ते जांभळं, जवळजवळ काळं. कापून टाकावं लागलं तर ऑपरेशन मोठं होणार होतं, धोका वाढणार होता, आणि बाहेर आबासाहेब बसले होते.

"कोमट सलाईन," मी म्हटलं. ओल्या कोमट कापडात ते वेटोळं गुंडाळलं आणि त्यावर हात ठेवून थांबले. यात करण्यासारखं दुसरं काही नसतं. थांबायचं आणि बघायचं.

"थांबू," इनामदार म्हणाले. "घाई नाही."

पडद्यापलीकडून आवाज आला. "मॅडम, मी पुन्ना खेळंन का?"

"खेळशील. पण वर्षभर आखाड्यात उतरायचं नाही."

"वरीस?"

"वर्ष. आणि गाठ आली तर लंगोटात लपवायची नाही."

मी कापड उघडलं. जांभळ्यावर एका कडेनं लाली येत होती. पुन्हा झाकलं, पुन्हा उघडलं. आता सगळं वेटोळं गुलाबी दिसत होतं, आणि बोटानं जरा छेडल्यावर ते आळस दिल्यासारखं हललं. इनामदार वाकून बघून गेले आणि आपल्या जागी बसले. मी आतडं आत सारलं, भिंत शिवली. शेवटचा टाका बांधला आणि हातमोजे काढले.

बळवंत सुधारला. किणीकर सर पुण्याहून आले, त्यांनी जखम बघितली आणि "छान" म्हणाले. मग खोलीत बोलावून म्हणाले, "एक फोन करायचा होतात मला."

"केला असता तर तुम्ही काय सांगितलं असतं सर?"

त्यांनी चष्मा पुसला. "कोल्हापूरला पाठवा म्हणालो असतो बहुतेक," ते म्हणाले. खोटं बोलायचा स्वभाव नव्हता त्यांचा.

गावच्या साप्ताहिकात बातमी आली. पैलवानाचे प्राण वाचले, डॉ. किणीकर यांच्या मार्गदर्शनाखाली अवघड शस्त्रक्रिया यशस्वी. माझं नाव नव्हतं. किणीकर सरांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं आणि ओशाळून म्हणाले, "कुणी दिली कोण जाणे. मी नाही." मला त्यांच्यावर विश्वास होता. पण त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं की सांगलीच्या ज्या नर्सिंग होमनं मला बोलावलं होतं, त्यांना होकार कळवूया. तिथं निदान लपूनछपून काही नव्हतं. बायकांचं हॉस्पिटल, बायकांसाठी डॉक्टरीण.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला. तो आमच्या गावातल्याच शाळेत शिक्षक होता, बदली मिळण्यासारखी होती.

होकार मी कळवणार होते त्या दिवशी टाके काढायला बळवंत आला, आईला घेऊन. टाके निघाले. आनशाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"बळवंता, जा, च्या पिऊन ये."

"तू चल की."

"मला मॅडमांशी बोलायचं हाय."

तो गेल्यावर त्यांनी दाराकडं बघितलं. माझ्या तपासणीच्या खोलीला दार होतं, पण त्याला आतून कडी नव्हती. दार ढकलून लोक खुशाल डोकवायचे. आनशाबाईंनी माझी खुर्ची उचलून दाराला लावली आणि विचारलं, "हितं आता कोण येणार न्हाई न्हवं?"

"नाही."

त्या टेबलावर आडव्या झाल्या. लुगड्याच्या आत एक जाड पट्टा घट्ट आवळून बांधलेला होता. गाठ सोडवताना माझ्या लक्षात आलं की तो लंगोट आहे. पोराचा जुना लंगोट.

तो सोडल्याबरोबर मला सगळं दिसलं. त्यांचं अंग, म्हणजे गर्भाशय, पूर्ण बाहेर आलं होतं. कपड्यावर घासून घासून त्यावर जखमा झाल्या होत्या, जुन्या आणि नव्या. हे एका महिन्याचं, एका वर्षाचं नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ह्येच्यापासनं." त्यांनी दाराकडं हनुवटी केली. बळवंत गेला होता त्या दिशेला.

"आणि असंच शेतात काम करताय?"

"वाकून तण भांगलाया येत न्हाई. बसून करती."

"कुणालाच दाखवलं नाहीत?"

"कुणाला दावू? तुमी यायच्या आदी हितं समदं बाप्ये. एकदा दावलं त्येवढं बास झालं."

मी तो लंगोट घडी करून बाजूला ठेवला. मग विचारलं, "आनशाबाई, त्या दिवशी तुम्ही पोराला काय सांगितलंत? लाजून चालत नाही म्हणून."

त्या छताकडं बघत होत्या, अगदी पोरासारख्या.

"त्यो पोराचा जीव हुता," त्या म्हणाल्या. "ह्यो माझा."

मी सांगलीला होकार कळवला नाही. मोठा निर्णय घेतल्यासारखं काही झालं नाही. आधी आनशाबाईंच्या ऑपरेशनचं बघायचं होतं म्हणून राहिलं, आणि मग राहूनच गेलं. कोल्हापूरहून माझी वर्गमैत्रीण स्नेहलता आली, ती स्त्रीरोगतज्ज्ञ. आम्ही दोघींनी मिळून ऑपरेशन केलं. आनशाबाईंची एकच अट होती: बळवंतला सांगायचं नाही. "मनाला लावून घेईल. त्येच्या जन्माचं हाय."

बळवंत बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसून असायचा. एकदा मला थांबवून म्हणाला, "मॅडम, आयला झालंय काय?"

"तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल."

त्यानं मान हलवली. जरा वेळानं म्हणाला, "मी बी तीन वरसं सांगितलं न्हवतं कुणाला. आमच्या घरात लपवायची खोडच हाय म्हणायची."

आनशाबाई घरी गेल्यावर मी किणीकर सर आणि आबासाहेब दोघांना एकत्र भेटले. दोन गोष्टी मागितल्या. बाजाराच्या दिवशी, गुरुवारी दुपारी, फक्त बायकांची तपासणी, मी करणार, आतून कडी असलेल्या खोलीत. आणि तातडीच्या शस्त्रक्रियांची पाळी दोघांत सारखी. पुरुष आला की किणीकर, बाई आली की मगदूम, हे बंद.

"दुसरी गोष्ट डॉक्टर लोकांनी आपसांत ठरवावी," आबासाहेब म्हणाले. "पण पहिली कशाला? बायकांना रोजची ओपीडी आहेच की. वेगळं दुकान मांडून किती बायका येणार?"

"माहीत नाही."

"हा अंग बाहेर येण्याचा आजार आपल्याकडं एवढा आहे तरी का? काय किणीकर?"

किणीकर सर पुढं सरकून बसले.

"इतक्या वर्षांत माझ्याकडं हे दाखवायला एकही बाई आली नाही," ते म्हणाले. "मी समजत होतो, या भागात हा आजार कमी आहे." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यांना खोली द्या आबासाहेब. आणि पाळी सारखी करायला माझी हरकत नाही."

मला ते वाक्य सांगलीच्या पगारापेक्षा मोलाचं वाटलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पुढं ते निवृत्त झाले तेव्हा माझं नाव त्यांनीच सुचवलं. आबासाहेब तेव्हाही म्हणाले, बाईच्या हातात पूर्ण रुग्णालय म्हणजे लोक काय म्हणतील. लोक काही म्हणाले असतीलही. मी त्या खुर्चीत पुष्कळ वर्षं बसले आणि तिथल्या बऱ्याच गोष्टी बदलल्या, काही बदलता आल्या नाहीत. पण मला कुणी विचारलं की तुम्ही प्रमुख कधी झालात, तर मला ती खुर्ची आठवत नाही.

पहिल्या गुरुवारी खोली तयार होती. सुतारानं कडी बसवली होती, सिस्टरांनी टेबलावर स्वच्छ चादर घातली होती. मी दुपारभर बसले. एक म्हातारी आली, ती डोळ्यांचं औषध विचारून गेली. संध्याकाळी आबासाहेबांची गाडी अंगणातून गेली तेव्हा मी उगीचच काही वाचत असल्यासारखं केलं.

दुसऱ्या गुरुवारीही तसंच बसले होते. उन्हं कलली तेव्हा फाटकातून एक ट्रॅक्टर आत आला. मागं ट्रॉली, आणि ट्रॉलीत बायका. बाजाराच्या पिशव्या, टोपल्या मांडीवर घेतलेल्या. पुढं स्टिअरिंगवर बळवंत, आणि त्याच्याशेजारी चाकाच्या पत्र्यावर बसलेल्या आनशाबाई.

ट्रॅक्टर झाडाखाली थांबला. बळवंत उतरला, एकेका बाईला हात देऊन खाली उतरवलं. माझ्याकडं बघून त्यानं हात जोडले, विचारलं काही नाही. सरळ फाटकापाशी गेला आणि रस्त्याकडं तोंड, रुग्णालयाकडं पाठ करून उभा राहिला. जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं ओळखून आवाज दिला, "काय पैलवान, एवढ्या बायका घेऊन हितं कुठं?"

"बाजाराला आणल्यात," बळवंत म्हणाला.

आनशाबाईंनी सगळ्यांना भिंतीशी ओळीनं बसवलं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. त्यांनी एका घाऱ्या डोळ्यांच्या, मान खाली घातलेल्या बाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला माझ्या दारापर्यंत आणून सोडलं. मी तिला आत घेतलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. नाव विचारलं. मग विचारलं, कधीपासून त्रास आहे.

ती बोटं मोजायला लागली. मोजता मोजता थांबली आणि हात मांडीवर ठेवला.

"थोरली माझी आता सासरी नांदतीया," ती म्हणाली. "तिच्या वक्तापासनं."